पांढऱ्या डोळ्यांच्या लेकी

कॉलेजात सगळे मला मावशी म्हणतात. प्राचार्य म्हणतात, फाटकावरचा रखवालदार म्हणतो, वयानं माझ्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले ग्रंथपालही म्हणतात. जिची मी सख्खी मावशी, ती मात्र तीन वर्षं कॉलेजात मला काहीच म्हणत नव्हती. काही हवं असलं की "जरा ऐकता का?" म्हणायची, तेही खिडकीकडे बघत.

"लोक म्हणतील वशिला आहे," तिनं पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं.

"काचा धुणाऱ्या बाईचा वशिला?" मी म्हटलं. "अगं, माझ्या ओळखीनं तुला फार तर न तडकलेलं बीकर मिळेल."

तिला हसू आलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही पोरगी पुढे जाणार.

मी जीवशास्त्र विभागात एकोणीस वर्षं काम करते. काचेची भांडी धुणं, कपाटांच्या किल्ल्या सांभाळणं आणि माश्यांचा स्वयंपाक. माश्या म्हणजे पिकलेल्या केळ्यावर घोंघावतात त्या, तिळाएवढ्या. आमच्याकडे त्यांच्या बाटल्याच बाटल्या आहेत, कारण बारा दिवसांत त्यांची एक पिढी होते, आणि माणसांच्या पिढ्या मोजत बसायला कुणाला वेळ नाही. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि घट्ट थिजण्यासाठी आगर एकत्र शिजवून मी नळ्यांच्या तळाशी ओतते. गुठळी होऊ द्यायची नाही, करपू द्यायचं नाही. घरच्या स्वयंपाकाला लोकांनी खूप नावं ठेवली, माश्यांनी अजून ठेवलेली नाहीत.

शाळा नववीत सुटली. पुढचं सगळं ओट्याशी उभ्याउभ्या शिकले. मुलांना शिकवत असताना कान उघडे ठेवले, रद्दीत टाकलेली प्रॅक्टिकलची पुस्तकं घरी नेली, आणि खोली रिकामी असली की सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. नर कोण, मादी कोण हे ओळखायला एक आठवडा लागला. कोरी मादी ओळखायला एक वर्ष.

कोरी म्हणजे नुकती कोशातून निघालेली, नराला न भेटलेली. मॅडम त्यासाठी इंग्रजी शब्द वापरतात आणि दरवर्षी मागच्या बाकावर कुणीतरी खिदळतं. मी आपली कोरी म्हणते. अंग फिकट, पंख अजून नीट न उलगडलेले, पोटावर आतून दिसणारा एक काळपट डाग. कोशातून निघाल्यावर आठ तास ती नराला जवळ येऊ देत नाही. म्हणून सकाळी आठला बाटली पूर्ण रिकामी करायची, आणि चारच्या आत जेवढ्या नव्या माद्या निघाल्या असतील तेवढ्या बर्फावर गुंगवून, ब्रशनं उचलून वेगळ्या ठेवायच्या. नववा तास लागला की भरवसा संपला.

"देवानं बाईच्या जातीला एवढी आठ तासांची सवलत दिली," मी एकदा म्हटलं होतं, "आणि तीही माश्यांना."

घरी आम्ही माझ्या भाचीला मुंगी म्हणतो. सदा घाईत आणि सदा आपल्याहून मोठं काहीतरी ओढत निघालेली. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण लांबच्या गावी एका रुग्णालयाच्या धोबीखान्यात काम करते. बारावीनंतर तिनं पोरीला माझ्याकडे धाडलं आणि फोनवर म्हणाली, "ताई, तुझ्यासारखीच हुशार आहे. तुझ्यासारखी फुकट नको जाऊ देऊस." असं बोलायची मुभा सख्ख्या बहिणीलाच असते.

मी फुकट जाऊ देणार नव्हते. तिच्याबरोबर क्रेब्ज सायकल माझीही पाठ झाली. ती आंघोळीला गेली की मी दाराबाहेरून विचारायची, "सायट्रेटनंतर?" आणि पाण्याच्या आवाजातून उत्तर यायचं, "आयसोसायट्रेट! आणि टॉवेल दे!"

तिसऱ्या वर्षी तो अर्ज आला. एक मोठी संशोधन संस्था मोजकी वीस मुलं घेणार आणि थेट डॉक्टरेटपर्यंत शिकवणार होती. अर्जात रकाने तीन. गुण. इतर उपक्रम, किमान तीन. संशोधनाचा अनुभव. आणि सोबत मार्गदर्शकाचं शिफारसपत्र. मुंगीनं अर्जाची प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. मी साडी काढायला दार उघडलं तरी संस्था समोर.

"एवढं सगळं एका माणसात मावतं का गं?" मी विचारलं.

"मावत नाही. कोंबायचं."

गुणांसाठी सकाळी साडेसातचे तास, पंचाहत्तर टक्के हजेरी, पंधरवड्याला एक चाचणी आणि तीन विषयांची जर्नलं. उपक्रमांसाठी नाटक, विज्ञान मंडळाचं सचिवपद, आणि रक्तदान शिबिरात टेबलं मांडल्याचं प्रमाणपत्र. रक्त काही दिलं नाही, वजनात बसली नाही. आणि संशोधनासाठी मॅडमच्या माश्या.

मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. हुशार बाई, कामाला वाघ. त्यांचा नियम होता, वर्षाला एकच पत्र. "दोघींना लिहिलं की दोघींचं वजन अर्धं होतं," त्या म्हणायच्या. त्या वर्षी त्यांच्याकडे मुली होत्याही दोनच. एक मुंगी. दुसरीला मी मनातल्या मनात घड्याळ म्हणायची. ती तास आटोपले की यायची, पाच वाजून गेले तरी आपल्या टेबलाशी, आणि मध्ये फक्त माश्या. गुण मुंगीपेक्षा थोडे वर, बोलणं मुंगीच्या दहाव्या हिश्श्याचं. अर्जातल्या उपक्रमांच्या रकान्यात तिनं एकच शब्द लिहिला होता, 'नाहीत'. मॅडमनीच मला हसत सांगितलं.

"नुसतं 'नाहीत'! मावशी, या मुलीला जग कसं चालतं ते माहीत नाही हो."

मला ते उत्तर आवडलं होतं. पण बीकर धुताना कुणी मत विचारत नाही.

मुंगीचा प्रयोग साधा होता. अर्धपोटी वाढलेल्या मादीला पोरं किती होतात, आणि पोटभर खाऊन वाढलेलीला किती. तीस माद्या अर्ध्या साखरेवरच्या, तीस पुऱ्या साखरेवरच्या. दोन्ही पातेली मीच शिजवली. प्रत्येक नळीत पांढऱ्या डोळ्यांची एक कोरी मादी आणि लाल डोळ्यांचा एक नर. डोळ्यांचे रंग वेगळे ठेवले ते पहाऱ्यासाठी. आई पांढऱ्या डोळ्यांची आणि बाप लाल डोळ्यांचा असला की लेकी झाडून सगळ्या लाल डोळ्यांच्या होतात. एक जरी लेक पांढऱ्या डोळ्यांची निघाली, तर समजायचं की आई कोरी नव्हती. बाटलीतल्याच कुठल्यातरी पांढऱ्या डोळ्यांच्या नराला आधी भेटून आली होती, आणि उचलणाऱ्यानं वेळ चुकवली होती. आपण वहीत काहीही लिहावं, लेकीच्या डोळ्यांत येतंच.

साठ कोऱ्या माद्या जमवायला बारा दिवस लागणार होते. नेमके त्याच बारा दिवसांत दोन चाचण्या आल्या आणि नाटकाच्या तालमी आल्या. तालीम दुपारी अडीचला, पलीकडच्या सभागृहात. उशीर झाला की भूमिका दुसरीला जाणार. मुंगी न्यायाधीश होती.

पहिल्या दिवशी ती सव्वापाचला धापा टाकत आली. अंगात न्यायाधीशाचा काळा झगा, हातात ब्रश. बाटलीत नव्या माश्या खुशाल फिरत होत्या, आणि आठ तास केव्हाच उलटले होते. सगळी बाटली फेकावी लागली.

घरी येऊन ती ताटापुढे नुसती बसून राहिली. मग म्हणाली, "मावशी, तुला येतं ना?"

"काय?"

"नाटक करू नकोस. कोऱ्या काढता येतात ना तुला?"

"नाटक तू करतेयस. मला येतं, पण परवानगी नाही."

"कोण बघतंय? मॅडम तेव्हा मीटिंगमध्ये असतात."

"आणि नोंदवहीत सही कुणाची?"

"माझी. प्रयोग माझाच आहे ना? विचार माझा, मोजणार मी. तुझे फक्त हात."

फक्त हात. मी रागवायला हवं होतं. पण खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. यापूर्वी असं मला एकदाच कुणी मागितलं होतं. तेरा वर्षांपूर्वी मॅडमचं बाळंतपण आणि त्यांचा प्रबंध एकाच वेळी निघाले, तेव्हा तीन महिने त्यांच्या कोऱ्या मीच काढल्या होत्या. प्रबंधात दोन पानं आभार आहेत. 'आणि इतर कर्मचारी' असं शेवटून दुसऱ्या ओळीत आहे, ती मी.

दुसऱ्या दिवसापासून अडीच वाजले की मी पुसायचं फडकं ठेवून सूक्ष्मदर्शकापुढे बसू लागले. समोरच्या टेबलावर घड्याळ आपलं काम करत असायची, वर बघायचीही नाही. बर्फाच्या ताटलीवर माश्या निजलेल्या. एक एक ब्रशच्या टोकानं उलटायची, पोटावरचा डाग बघायचा, शंका आली तर बाजूला. साडेतीनला माझं आटपायचं. त्या तासाभरात मला गुडघा दुखल्याचं आठवत नाही.

नळीवरच्या कागदी पट्टीवर नाव-तारीख पेन्सिलीनं लिहायचं, हे मी मुंगीला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तेव्हा तिनं बॉलपेन काढलं होतं.

"पेननं लिहू नकोस. स्पिरिटचा हात लागला की शाई पसरते."

"पेननं चांगलं दिसतं की!"

"आज दिसतं."

तिनं तोंड वाकडं करून पेन्सिल घेतली. माझ्या हातच्या नळ्यांवर मी पट्टीच्या खालच्या कोपऱ्यात एक ठिपका द्यायची, खसखशीएवढा. एकदा तिच्या नजरेला पडला.

"हे काय गं?"

"माझी खूण. उद्या काही चुकलं तर तुझ्यावर नको यायला."

"तू पण ना," ती म्हणाली आणि माझ्या गालाला गाल घासून पळाली. तिला चाचणी होती.

बारा दिवसांत साठ झाल्या. एकेचाळीस मी काढल्या. तालीम नसलेल्या दिवसांत उरलेल्या एकोणीस तिनं काढल्या. नाटकाला दुसरा क्रमांक मिळाला. चाचणीत ती पहिल्या तिघांत आली. मग पिलं निघू लागली, ती मोजायची, वहीत लिहायची आणि नळ्या फ्रीजरमध्ये ठेवायची. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

एका सोमवारी ती घरी आली ती गप्पच. जेवण नको, डोकं दुखतंय. मंगळवारीही तेच. मी म्हटलं, थकली असेल. एवढंसं शरीर, त्यात तीन रकाने.

बुधवारी मॅडमनी मला खोलीत बोलावलं. मुंगी खुर्चीत बसली होती, डोळे सुजलेले. टेबलावर ट्रेमध्ये पाच नळ्या, प्रत्येकीला लाल चिकटपट्टी.

"मावशी, खरं सांगा. या प्रयोगातल्या काही माद्या तुम्ही काढल्यात?"

मी मुंगीकडे बघितलं. ती खिडकीकडे बघत होती.

"हो, मॅडम."

"कोपऱ्यात ठिपका आहे, तो तुमचा?"

मी चष्मा लावला. पाचही नळ्यांच्या पट्टीवर खालच्या कोपऱ्यात, खसखशीएवढा.

"हो."

"या पाचांत पांढऱ्या डोळ्यांच्या लेकी निघाल्यात. एकीत तर सात." मॅडम खुर्चीला टेकल्या. "हिनं स्वतः येऊन सांगितलं मला. ताण होता, तुमच्यावर सोपवलं, चूक झाली म्हणाली. ती पोर आहे हो, पण तुम्ही एकोणीस वर्षं इथं आहात. हे काम तुमचं आहे का?"

तेरा वर्षांपूर्वी होतं, असं जिभेच्या टोकावर आलं. पण पत्र अजून लिहायचं होतं.

"नाही, मॅडम."

"यापुढे सूक्ष्मदर्शकाला हात लावायचा नाही. अन्न शिजवा, काचा धुवा. आणि ठिपक्याच्या सगळ्या नळ्या आजच टाकून द्या."

मुंगी दचकली. "सगळ्या? मॅडम, एकेचाळीस नळ्या—"

"शेहेचाळीस आहेत. मी मोजल्या."

"हो... शेहेचाळीस."

"पाचांवर भरवसा नाही म्हटल्यावर बाकीच्यांवर कसा ठेवू? तुझ्या हातच्या चौदा राहतात. चौदा स्वच्छ नळ्या शेहेचाळीस घाणेरड्यांपेक्षा बऱ्या."

मी बाहेर आले. सगळ्यात आधी काय केलं असेल, तर भांडारात जाऊन आगरच्या डब्यावरची बारीक अक्षरं चष्मा काढून वाचली. मग चष्मा लावून वाचली. वाचता आली. मग कसं झालं असेल? मी एक एक दुपार आठवून पाहिली. साडेतीनच्या पुढे मी एकदाही गेले नव्हते. तरी वाटत राहिलं, बाई, तुझंच चुकलं. पाच वेळा डाग दिसला म्हणालीस आणि नव्हता. नववीतून सुटलेल्या बाईनं कशाला हव्यात या उठाठेवी. पोरीचा वर्षाचा घास माझ्या हौसेपायी गेला, असं मी स्वतःला तासभर बडवलं.

मग कामाला लागले. फ्रीजरमधून शेहेचाळीस नळ्या काढल्या. मेलेल्या माश्या स्पिरिटच्या बरणीत झटकायच्या, नळी साबणाच्या पाण्यात टाकायची, आणि त्याआधी पट्टी सोडवायची. पट्टीचा डिंक हट्टी असतो. स्पिरिटचा बोळा फिरवून अंगठ्यानं घासावं लागतं. माझ्याच हातच्या माद्या, त्यांच्या शेकड्यांनी लाल डोळ्यांच्या लेकी, सगळ्या बरणीच्या तळाशी जात होत्या. एकाही लेकीला पांढरा डोळा नाही. मी मुद्दाम भिंगातून बघत होते. हात लावायचा नाही म्हणाल्या होत्या मॅडम, भिंगाचं काही बोलल्या नव्हत्या.

एकेचाळीस पट्ट्या अशाच निघाल्या. पेन्सिलीची नावं जिथल्या तिथं, ठिपके जिथल्या तिथं. शेवटी लाल चिकटपट्टीवाल्या पाच घेतल्या. पहिलीवर बोळा फिरवला. तारीख तशीच राहिली. ठिपका पसरला.

आधी काळा, मग कडेनं जांभळा, मग माझ्या अंगठ्यावर.

दुसरीचाही. तिसरीचाही. पाचही.

मी स्टुलावर बसले. नळीतलं बर्फ वितळून पाणी माझ्या साडीवर टपकत होतं. तिनं सोमवारी लेकी बघितल्या असणार. दोन दिवस विचार केला असणार. आणि मग खिशातलं बॉलपेन काढून, पाच वेळा, नीट कोपरा बघून, अगदी खसखशीएवढा. मुंगीचा हात पहिल्यापासून सुबक.

पाच पट्ट्या आणि पाच नळ्या घेऊन मी मॅडमच्या खोलीकडे निघाले. दार अर्धवट उघडं होतं. आतून टाइप केल्याचा आवाज येत होता. दारापाशी मुंगी भिंतीला टेकून उभी होती. तिनं माझ्या हाताकडे बघितलं, मग अंगठ्याकडे.

"मावशी."

कॉलेजात, भर दुपारी, तीन वर्षांत पहिल्यांदा.

"बॉलपेन, मुंगे?" मी म्हटलं. "निदान पेन्सिल तरी घ्यायचीस."

"आत जाऊ नकोस. मॅडम पत्र लिहितायत. आत्ता लिहितायत."

"एका दिवशी उशीर झाला असं सांगितलं असतंस. पाच नळ्या गेल्या असत्या. पंचावन्न राहिल्या असत्या."

"आणि पत्र दुसरीला गेलं असतं! तुला माहीत आहेत मॅडम. वेळ चुकवली म्हटलं की संपलं. मला काय माहीत त्या सगळ्याच फेकायला लावतील." तिचा श्वास लागला होता. "तुझं काय जाणार होतं? तुला नोकरीवरून काढणार नाहीत. ओरडतील आणि विसरतील. माझं हे एकदाच आहे."

"माझं काय गेलं ते बघितलंस?"

"काय गेलं? तुझ्या होत्या का गं त्या माश्या?"

मी नळ्या दुसऱ्या हातात घेतल्या. तिला वाटलं असावं की मी पुढे होतेय, कारण तिनं माझं मनगट धरलं. हात गार होता. आणि अगदी हळू, समजुतीच्या सुरात म्हणाली,

"तूच म्हणाली होतीस ना, काही चुकलं तर माझ्यावर नको यायला. ठिपका त्यासाठीच होता ना?"

टाइप करणं थांबलं. "कोण आहे? मावशी का?" आतून मॅडमचा आवाज आला. "झाल्या का नळ्या टाकून?"

मुंगीनं माझं मनगट सोडलं नव्हतं. मी तिच्या केसांकडे बघत होते. सकाळी मीच विंचरून दिले होते, घाईत भांग वाकडा पडला होता.

"झाल्या, मॅडम," मी म्हटलं.

परत जाऊन अंगठा साबणानं धुतला. जांभळा रंग चार दिवस नखाच्या कडेला होता.

शुक्रवारी मॅडमनी ते पत्र माझ्याच हातात दिलं, कार्यालयातून शिक्का मारून आणायला. पाकीट उघडं होतं. इंग्रजी मला सावकाश वाचता येतं, तेही रद्दीतल्या पुस्तकांनीच शिकवलंय. जिन्यात उभं राहून वाचलं. मुलगी अष्टपैलू आहे, अभ्यास, रंगमंच आणि प्रयोगशाळा या तिन्हींचा तोल तिला साधतो. तिच्या प्रयोगाच्या नळ्या थोड्या आहेत, निष्कर्ष पक्का नाही. 'परंतु एका कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या हातून झालेली चूक स्वतःचं नुकसान सोसून तिनं स्वतः माझ्या नजरेस आणली. इतकी प्रामाणिक विद्यार्थिनी माझ्या कारकिर्दीत मी पाहिलेली नाही.'

'प्रामाणिक' हा इंग्रजी शब्द मला येत होता. तरी मी तो तीन वेळा वाचला. मग शिक्का मारून आणला. शिक्का नीट, सरळ बसला.

मुंगीची निवड झाली. बहिणीचा फोन आला, रडत होती. "ताई, तुझे उपकार कसे फेडू?" मी म्हटलं, "राहू दे." मुंगीनं जाताना वाकून नमस्कार केला. मी डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद काय द्यावा ते सुचेना, तर म्हटलं, "वेळेवर जेवत जा." मधल्या तीन महिन्यांत आम्ही त्या पाच नळ्यांबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. एकाच खोलीत राहायचं असलं की माणसं फार समजूतदार होतात.

वर्ष संपताना घड्याळ कपाटाची किल्ली परत द्यायला आली. किल्ली टेबलावर ठेवली आणि गेलीच नाही.

"मावशी, त्या पाच तुमच्या नव्हत्या."

मी बाटल्या विसळत होते, विसळत राहिले.

"मी रोज समोर होते. तुमचं साडेतीनला आटपायचं. तिनं एकदा पावणेसहाला काढल्या. बाटली सकाळचीच होती."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं नाही. आणि पत्र मलाही हवं होतं ना? मी बोलले असते तर ते पत्रासाठीच बोलले असं झालं असतं." मग तिनं विचारलं, "तुम्ही का नाही बोललात?"

एवढ्या सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला हवं होतं. तिचंच पत्र गेलं होतं, माझ्या 'झाल्या, मॅडम' एवढ्या दोन शब्दांत.

"माझंच चुकलं असेल गं," मी म्हटलं. "वय झालं आता."

तिनं माझ्याकडे बघितलं. मुंगी कधी तसं बघायची नाही, थांबून. "बरं," म्हणाली आणि निघाली. आता ती एका औषधांच्या कारखान्यात गोळ्यांचे नमुने तपासते असं ऐकलं. वेळेवर तपासत असणार.

सूक्ष्मदर्शक अजून त्याच टेबलावर आहे. नवीन मुलं कोऱ्या काढतात आणि वेळ चुकवतात. मी काचा धुते. मागच्या आठवड्यात मी माश्यांचं अन्न शिजवत असताना मुंगीचा फोन आला. मी तो खांद्यानं कानाशी धरला आणि ढवळत राहिले. ती खुशीत होती. तिकडच्या प्रयोगशाळा किती मोठ्या, यंत्रं किती, जेवण कसं बेचव, सगळं सांगून झालं. मग म्हणाली,

"आणि मावशी, इथं सगळे पेन्सिलीनंच लिहितात."

"हं."

"पहिल्याच दिवशी सर सांगायला लागले, स्पिरिटनं शाई पसरते म्हणून. मी म्हटलं, मला माहीत आहे. वर्गात एकटीलाच माहीत होतं! सर खूश. म्हणाले, कुठे शिकलीस हे?"

मी ढवळायचं थांबवलं.

"मग? काय सांगितलंस?"

तिकडे मागे कुणीतरी हसत होतं, दार लागलं.

"मॅडमकडे, म्हटलं."

"बरं केलंस," मी म्हटलं.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माश्यांचं अन्न करपलं. दुसरं शिजवेपर्यंत चार वाजले. नवीन पोरं नाकाला रुमाल लावून संध्याकाळपर्यंत विचारत होती, "मावशी, कसला हो हा वास?"